माझ्यावर मांडलेला फुटबॉलचा सामना

मित्रांनो, फुटबॉलचा सामना मी उभ्या आयुष्यात कधी पाहिला नाही. तरी एक सामना मला तोंडपाठ आहे, कारण तो माझ्याच अंगावर मांडला गेला. मी एक जुना कॅरम बोर्ड आहे.

घाटकोपरच्या एका कारखान्यात धाकू सुतारांनी मला घडवलं. माझी चौकट घासून झाली की ते तिच्यावरून तळहात फिरवत आणि खूश झाले तरच मान हलवत. तिथून मी चारकोपला आलो, क्रीडा मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत. सेक्टरमधली बैठी घरं तेव्हा नवी होती. गिरण्या बंद पडल्यावर परळ-लालबाग सोडून आलेली कोकणातली माणसं इथे नव्यानं शेजारी होत होती. रोज संध्याकाळी माझ्यावर पावडर पडायची, डोक्यावरच्या दिव्याची ऊब लागायची. "काय गुळगुळीत आहे," असं कोणी म्हटलं की मला बरं वाटायचं. ते दिवस अजून आठवतात.

शहाऐंशी सालची गोष्ट. टीव्हीवर विश्वचषक पाहून सगळ्यांनाच फुटबॉलचं वेड लागलं होतं. आमच्या मंडळानं उपांत्य फेरीत बोरिवलीच्या तगड्या संघाला एक-शून्यनं हरवलं. गोल करणाऱ्या नंदकुमारला खांद्यावर घेऊनच मंडळी खोलीत शिरली. सर्वांत शेवटी लवू आला आणि उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"फायनलला लवूला बाहेर बसवू या," कप्तान दत्ताराम म्हणाला. "त्याच्या जागी राखीवतल्या बाळाला घेऊ. लवूनं आज चेंडूला पायसुद्धा लावला नाही."

लवूनं ते ऐकलं. गिरणीतली नोकरी सुटल्यापासून त्याच्या हाताला धड काम नव्हतं. सेक्टरमध्ये लोक त्याला ओळखत ते या जर्सीमुळे. जर्सी काढून त्यानं मांडीवर घेतली आणि तिची घडी घालू लागला.

खोलीत नीलाताई होत्या. त्या टेलिफोन खात्यात नोकरीला. मंडळाचा एकही सामना त्यांनी सोडला नव्हता. छत्री घेऊन रेषेलगत उभ्या राहायच्या आणि रेफ्रीनं काय करावं तेही सांगायच्या.

"थांब रे दत्ताराम," त्या म्हणाल्या. "सामना तू खेळलास, मी पाहिला. मांड बघू तुझा संघ इथे."

इथे म्हणजे माझ्यावर. पांढऱ्या सोंगट्या आपल्या, काळ्या बोरिवलीच्या, लाल राणी म्हणजे चेंडू. सोंगट्या नऊ-नऊच, म्हणून त्यांच्या बाजूला दोन चिंचोके आले आणि आपल्या बाजूसाठी नीलाताईंनी पर्समधून शर्टाची बटणं काढली. दत्तारामनं भराभर गडी मांडले. एक बटण लावलं आणि हात झटकले. "झाले सगळे."

"दहाच आहेत," नीलाताई म्हणाल्या.

दत्तारामनं पुन्हा बोट फिरवलं. कोणीतरी हसलं. मग तो हळूच म्हणाला, "लवू राहिला."

दुसरं बटण आलं. नीलाताईंनी ते काळ्या सोंगटीला चिकटवून ठेवलं. "हा काळा म्हणजे त्यांचा सहदेव. आजवर कोणाला आवरलाय? आज डावीकडे गेला, लवू मागे. उजवीकडे गेला, लवू मागे. नको असलेला पाहुणा जसा उठतच नाही, तसा. मग सहदेवला चेंडू देणार कसा? ते लांबून उंच मारत बसले, आणि उंच चेंडू आपल्या गोलकीपरला आयते. शेवटी त्याला सोडवायला त्यांचा एक बचावाचा गडी पुढे आला. तो निघाला तिथे हे एवढं मैदान मोकळं झालं, नंदूसाठी."

"पण ताई, गोल तर नंदूनं मारला ना?"

"मारला, झकास मारला. आता ते बटण उचल."

दत्तारामनं उचललं. नीलाताईंनी सहदेवची सोंगटी आमच्या गोलकडे सरळ सरकवली. वाटेत कोणी नव्हतं. "अडव," त्या म्हणाल्या. दत्तारामचा हात तसाच वर राहिला.

"खरंय यार," नंदकुमार म्हणाला. "माझ्यामागे कोणी आलंच नाही. मला वाटलं, मीच जोरात पळालो."

सगळे हसले. लवू उठून जवळ आला. घडी घातलेली जर्सी हातातच होती. "माजी सोंगटी खयची?" त्यानं विचारलं.

"तुझी कुठलीच सोंगटी नाही रे, बटण आहे. सोंगट्या संपल्या होत्या," दत्ताराम ओशाळून म्हणाला. मग त्यानं स्वतःची पांढरी सोंगटी उचलून सहदेवच्या मागे ठेवली आणि आपल्या जागी बटण ठेवलं. "जर्सी घाल. रविवारी लवकर ये."

फायनल आम्ही हरलो, हे मला मंडळींच्या पावलांवरूनच कळलं. पण त्या संध्याकाळी दोष द्यायला कोणी लवूला शोधलं नाही.

नंतर घराघरांत नवे खेळ आले. आता मी सोसायटीच्या ऑफिसात ओल्या भिंतीला टेकून उभा आहे. माझा एक कोपरा फुगलाय. मित्रांनो, जमलं तर मला आडवं ठेवा, कोरड्या फडक्यानं पुसा. आणि कधी आपला संघ मांडायला बसलात, तर ज्याचं नाव आठवायला वेळ लागेल, त्याला आधी मांडा.