अंगठी बाळाकडे वळते तेव्हा

अंगठीबाबांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, जिना भरला, खालच्या लाँड्रीच्या काउंटरलाही माणसं टेकली होती. बाबा स्वतः कशाला हात लावत नसत, हीच तर गंमत. दोऱ्याला बांधलेली अंगठी ते ज्याच्या त्याच्या हातात देत आणि डोळे अर्धवट मिटून म्हणत, "मी काही करत नाही. विश्व करतं. जिथे घात, तिथे अंगठी वळणार." अंगठी झुलायची, लोक थक्क व्हायचे, आणि विश्वाच्या वतीने फी मात्र बाबा घ्यायचे.

माझ्या धाकट्या बहिणीला तिथे नेलं तिच्या सासूबाईंनी. बाळंतपणानंतर तिच्या डोक्यात एकच विचार घुसून बसला होता: बाळ आपल्याच हातून गॅलरीतून खाली टाकलं गेलं तर? बाबांनी बाळाला तिच्यासमोर ठेवलं आणि अंगठी तिच्या हातात दिली. अंगठी सरळ बाळाच्या दिशेने झुलू लागली. "घात तुझ्याच हातात आहे," बाबा म्हणाले. त्या दिवसापासून तिने बाळाला शिवलं नाही. शेजारच्या खोलीत ते रडायचं आणि ही हात काखेत दाबून येरझाऱ्या घालायची.

ही सगळी थापेबाजी आहे, हे मी तिला घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. ती एवढंच म्हणायची, "अंगठी माझ्या हातात होती, ताई. त्यांच्या नाही." यावर माझा नुसता जळफळाट होई. शेवटी तिला जवळजवळ ओढतच एका समुपदेशक बाईंकडे नेलं. बाळाला घेऊन तिचा नवरा बाहेरच्या बाकावर बसला.

मला वाटलं, बाई आता बाबाची सालटी काढतील. त्यांनी त्याचा विषयही काढला नाही. झोप लागते का, कानात कोणी हुकूम सोडतं का, खरंच तसं करावंसं वाटतं का, हे शांतपणे विचारलं. करावंसं वाटत नाही, भीती वाटते, असं बहीण म्हणाली. आपल्या हातून घात होणार याची शंभरपैकी किती खात्री आहे, असं विचारल्यावर ती म्हणाली, शंभर. बाईंनी नुसती मान डोलावली. पहिल्या भेटीत मी कुणाशी वाद घालत नाही, म्हणाल्या, आपण दोघी मिळून तपासून बघू. मी खुर्चीत चुळबुळत होते.

त्यांनी खणातून एक बटण काढलं, दोऱ्यात ओवलं आणि आधी माझ्याच हातात दिलं. हात स्थिर ठेवायचा आणि मनात फक्त 'गोल फिर' म्हणायचं. मी हसत हसत धरलं आणि ते मेलं गोल फिरायला लागलं. माझी चांगलीच जिरली. बहिणीच्या हातातही ते ती मनात आणेल त्या दिशेला झुललं. डोळ्यांवर रुमाल बांधल्यावर मात्र भरकटलं आणि थांबलं.

"मनात दिशा धरली की बोटं आपल्याला कळणारही नाही इतकी हलतात," बाई म्हणाल्या. "दोऱ्याच्या टोकाला तेच मोठं होऊन दिसतं. तुमचं सगळं लक्ष बाळाकडे होतं, म्हणून अंगठी बाळाकडे गेली."

बहीण पांढरीफटक पडली. "म्हणजे विचार आला की हात हलतो. मग बाबा खरंच बोलले."

बाईंनी मात्र पाण्याने भरलेला काचेचा ग्लास तिच्या हातात दिला. "ठीक आहे, हेही तपासू. हा ग्लास मी टाकणार, असा विचार करा. जोर लावून करा."

बहिणीच्या कपाळावर घाम आला. ग्लास जागेवरच होता.

"आता बोटांकडे बघा."

तिने पाहिलं. ग्लास तिने असा आवळला होता की नखं पांढरी झाली होती.

"जे हातून पडेल अशी भीती वाटते, ते माणूस आणखी घट्ट धरतं," बाई म्हणाल्या. असे विचार कितीतरी नव्या आयांना येतात, फक्त बोलत कोणी नाही, हेही त्यांनी सांगितलं. मग पुन्हा विचारलं, आता किती खात्री?

"साठ." बहीण म्हणाली.

एका भेटीत हे जायचं नाही, पुढच्या आठवड्यात या, असं बाई सांगत होत्या तेवढ्यात ती उठली आणि दाराबाहेर गेली. नवरा गोंधळून उभा राहिला.

"अजून साठ आहे," ती त्याला म्हणाली. "तरी दे त्याला इकडे."

तिने बाळ घेतलं आणि इतकं घट्ट धरलं की ते भोकाड पसरून रडलं. मीही रडले.

तो हॉल अजून रोज भरतो. तुम्ही तिथे जाणार असाल तर आधी घरी बटण दोऱ्याला बांधा, डोळे झाका आणि बघा काय होतं ते. कोणीतरी सांगतो म्हणून स्वतःच्या हातांना घाबरू नका. आधी तपासून बघा.