बाकामागची डबी

चष्मेवाल्याला पन्नाशीत एक नाद लागला, आणि तो लावला मेहुण्याने. लोक कुठेतरी एक लहानशी डबी लपवतात, तिचा ठावठिकाणा फोनवर टाकतात आणि बाकीच्यांनी ती हुडकायची. सापडली की आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं, आतली एखादी वस्तू घ्यायची, बदल्यात आपली एक ठेवायची. दिवसभर दुकानात सुईच्या टोकाएवढ्या स्क्रूंशी झटापट करणाऱ्या माणसाला हा खेळ चांगलाच मानवला. बायको म्हणायची, स्वतःचा चष्मा घरात सापडत नाही आणि निघालेत खजिना शोधायला.

एका रविवारी सकाळी तो आणि मेहुणा युद्धात पडलेल्यांच्या स्मारकाच्या बागेत गेले. नावं कोरलेली काळी भिंत, तिच्यासमोर गुलाबाचे वाफे आणि लोखंडी बाकं. फोनवरचा बाण शेवटच्या बाकाशी येऊन घुटमळायला लागला. मेहुणा पुढून शोधत होता, चष्मेवाला मागून. वाफ्याच्या कडेचा एक दगड सैल दिसला. उचलला, तर खाली खाऊच्या गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी. आत दोन गोट्या, एक शिट्टी आणि गणवेशाचं पितळी बटण.

चिठ्ठी नव्हती. मेहुणा म्हणालाही, चिठ्ठीशिवाय डबी नसते, जरा थांबा. पण मेहुण्याच्या आधी आपल्याला सापडली या तोऱ्यात चष्मेवाल्याने त्याला उडवून लावलं. बटण खिशात टाकलं, बरोबर आणलेला प्लास्टिकचा हिरवा बेडूक डबीत ठेवला, आणि डबी पुन्हा दगडाखाली सारण्याआधी भिंतीवरच्या नावांना पाठ टेकून, दात काढून फोटोही काढून घेतला.

दोन दिवसांनी मेहुण्याचा फोन आला. खरी डबी कुणाला तरी सापडली होती, बाकाच्या पायाला आतून चुंबकाने चिकटवलेली. मग आपण उचकटली ती कुणाची? चष्मेवाल्याने तो फोटो पुन्हा पाहिला आणि लगेच पुसून टाकला. पुसला म्हणून काही तो काढलाच नव्हता असं होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान लवकर बंद करून तो बागेत गेला. बटण गुपचूप ठेवायचं आणि काढता पाय घ्यायचा, एवढाच बेत. पण बाकावर एक म्हातारी बाई उन्हाची छत्री धरून बसली होती. ती उठेल म्हणून तो दुसऱ्या टोकाला टेकला, तर तीच बोलायला लागली.

भिंतीवर तिच्या मुलाचं नाव होतं. देह काही सापडला नव्हता, नुसती सामानाची पिशवी आली होती. त्यातलं एक बटण आणि त्याच्या लहानपणच्या दोन-तीन वस्तू तिने इथे दगडाखाली ठेवल्या होत्या. इतक्या वर्षांत त्याची आठवण काढणारं कुणी भेटलं नव्हतं. आणि परवा डबी उघडली तर बटण नाही, एक बेडूक! नक्की त्याच्या तुकडीतला कुणी मित्र असणार, आठवण म्हणून बटण घेऊन गेला असणार. पुन्हा येईल म्हणून ती आता दुपारभर इथेच बसत होती.

"मी काही विचारणार नाही त्याला," ती म्हणाली. "नुसतं बघायचंय, कोण आहे."

मग तिने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. हा इथे का येऊन बसला, हे तिच्या मनात आलेलं त्याला स्पष्ट दिसलं. मीच तो मित्र, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही. पण ती उद्या विचारील, परवा विचारील, आणि तिच्याच मुलाबद्दल आपण तिला थापा मारत बसू. त्याने खिशात हात घातला.

"मावशी, मित्र वगैरे कुणी नाही. हे मी नेलं होतं. आम्ही एक खेळ खेळत होतो. मला वाटलं, ही डबी खेळातलीच."

त्याच्या तळहातावरचं बटण तिने उचलून घेतलं.

"म्हणजे कुणी आलंच नव्हतं," ती म्हणाली.

शिव्या खायची त्याची तयारी होती. याची नव्हती. त्याने माफी मागितली, ती त्याची त्यालाच नीट ऐकू आली नाही. तिला खाली वाकायला त्रास व्हायचा, म्हणून तिने त्यालाच डबी काढायला सांगितली. बेडूक त्याच्या हातात परत दिला, बटण आत ठेवलं. झाकण तिने स्वतःच दाबून बसवलं.

दगड जागेवर ठेवून तो उठला. निदान एकाने तरी विचारावं, म्हणून म्हणाला, "कसा होता तो?"

"सांगेन कधीतरी," ती म्हणाली. "आज नको. आज तुमच्याशी माझ्याच्यानं बोलवणार नाही."

तो निघाला. फाटकाशी जाऊन मागे वळून पाहिलं, तर म्हातारीने छत्री मिटली होती. पाण्याची बाटली पिशवीत टाकून तीही घरी निघाली होती. ऊन अजून बरंच शिल्लक होतं, पण आता तिला कुणाची वाट बघायची नव्हती.