घुमरी प्रशिक्षणाला येते

नीतिमत्तेच्या प्रशिक्षणाला मी निघाले, तेव्हा माझ्या उपविभागातली घुमरी नदी माझ्यासोबत आली. ती जीपमध्ये मागच्या सीटवर बसली. घाटात मला मळमळलं, तिला काही झालं नाही. वळणांची सवय तिला जन्मापासूनची. ड्रायव्हर भालेरावांनी आरशातून एकदा पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, ताईंसाठी एसी कमी करू का?"

"नको," घुमरी म्हणाली. "मला गारच बरं."

तिचं येणं मला पटण्यासारखं होतं. परत गेल्यावर मला तिच्याच कामावर सही करायची होती. नदीच्या काठाने सरकार एक निळी रेषा आखतं. पुराचं पाणी जिथवर येतं तिथवर ती रेषा, आणि तिच्या आत बांधकाम करायचं नाही, इतकी सरळ गोष्ट. पण एका वजनदार माणसाला नेमकं तिथेच मंगल कार्यालय बांधायचं होतं, म्हणून रेषा पाण्याच्या बाजूला सरकवायचं ठरलं. पाटबंधारे खात्याने सही केली, नगररचनेने केली, उरली ती प्रांताधिकारी म्हणून माझी. रेषा सरकली की या काठावर भराव पडणार आणि पुराचं पाणी समोरच्या भोईवाड्यात शिरणार. तिथल्या घरांच्या ओट्यांवर बसून मी चहा प्यायले आहे. माझा हात सहीला उठेना. तेव्हा माझे वरिष्ठ टेंभुर्णे साहेब मायेने म्हणाले, "उगले मॅडम, तुम्ही आधी ते नीतिमत्तेचं प्रशिक्षण करून या. डोकं शांत होईल. मग करा सही."

प्रशिक्षण केंद्राच्या दारात बसलेल्या मुलीने आम्हा दोघींना एकेक पिशवी आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र दिलं.

"यांचा संवर्ग काय लिहू?" तिने घुमरीकडे पाहून विचारलं.

"वर्ग एक," मी म्हटलं. मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला.

घुमरी शेवटच्या रांगेत बसली. रांग पुरली नाही, म्हणून ती भिंतीतून आरपार बागेपर्यंत पसरली. कोणी हरकत घेतली नाही. आम्ही अधिकारी कोण पुढे बसलं यावरून वर्षानुवर्षं अबोला धरू. मागे कोण बसलं याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नसतं.

प्रशिक्षक होते डॉक्टर निरगुडकर. आवाज इतका गोड, की ऐकताना दात दुखावेत. ते म्हणाले, "मित्रहो, बरोबर आणि चूक हे जुने शब्द झाले. आपण शोधायची ती सहमती. उदाहरणच घेऊ. समजा, एक नदी आहे."

सगळ्यांनी माना वळवून मागे पाहिलं. घुमरीने बोलण्यासाठी हात वर केला.

"आपण सहभागी नाही," निरगुडकर नम्रपणे म्हणाले. "आपण उदाहरण आहात."

तिने हात खाली घेतला. मला राग आला, पण तो मी पहिल्या सत्रापुरता गिळला. प्रशिक्षणात पहिल्या सत्रात रागावणारा माणूस दिवसभर एकटा जेवतो.

मग आमचे गट पाडले. प्रत्येक गटाने नदीची रेषा किती सरकवायची ते चर्चेने ठरवायचं होतं. सरकवायची की नाही, हा प्रश्न कोणालाच दिला नव्हता. पहिला गट उठला आणि म्हणाला, एक बाजू म्हणते शंभर, दुसरी म्हणते शून्य, तर मधला मार्ग पन्नास. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा घुमरी निम्मी झाली होती, आणि सभागृहही निम्मं झालं होतं. भिंती आवाज न करता आत आल्या होत्या.

"जरा सरकून घ्या," निरगुडकर म्हणाले. सगळे सरकले.

दुसऱ्या गटाला उरलेल्याचा मधला मार्ग सापडला. तिसऱ्याला त्याच्याही मधला. कोणी दुष्ट नव्हतं. सगळे हसतमुख, एकमेकांना मान देणारे, "तुमचंही बरोबर आहे" म्हणणारे. चहाच्या वेळेला घुमरी सहावारी साडीएवढी उरली होती. जेवणानंतर ती माझ्या शेजारच्या खुर्चीत मावली. माझे गुडघे समोरच्या खुर्चीला टेकत होते, आणि कप खाली ठेवायला कोणालाच जागा नव्हती.

"दुखतंय का?" मी तिला हळूच विचारलं.

"अंग आखडतंय गं," ती म्हणाली. "एक विचारू? तुझा गट कधी?"

"शेवटी."

"बरं," ती म्हणाली, आणि आणखी बारीक झाली.

समारोपाला टेंभुर्णे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून आले. खोली एव्हाना बोळाएवढी झाली होती. ते आडवे होऊन आत शिरले, त्यांच्या गळ्यातला हार भिंतीला घासत होता. घुमरी आता निरगुडकरांच्या टेबलावर होती, काचेच्या ग्लासात, वरून झाकण. दिवसभर बोलून निरगुडकरांचा घसा बसला होता. त्यांनी झाकण काढलं आणि ग्लास उचलला.

"ठेवा तो खाली," मी म्हणाले.

"पाणी आहे, मॅडम."

"नदी आहे."

खोलीत कुजबुज झाली. टेंभुर्णे साहेब खाकरले. "उगले मॅडम, सगळ्यांची सहमती झालीय. एक तुमचंच राहिलंय. उगाच ताणू नका. पुढची बदली कुठे होईल, कल्पना आहे ना?"

"आहे, साहेब. तिथेही नदी असेलच."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, पण निघालं आणि मला फार बरं वाटलं. मी उभी राहिले. दोन्ही खांदे भिंतींना टेकले होते, श्वास घ्यायला छाती फुगवावी तर तेवढीही जागा नव्हती. तरी मी आवाज चढवला. निकाल वाचताना चढवते तसाच.

"मी, प्रांताधिकारी उगले, हुकूम देते. घुमरी नदीची निळी रेषा आहे तिथेच राहील. बोटभरसुद्धा सरकणार नाही. मधला मार्ग नाही. चर्चा संपली."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ग्लास मात्र भरून वाहू लागला.

आधी टेबलावरून, मग टेबलाखालून, मग निरगुडकरांच्या बुटांवरून. भिंती मागे हटायला लागल्या. आल्या होत्या तशाच बिनआवाजी, पण आता घाईघाईने. खुर्च्या तरंगल्या, खुर्च्यांवरचे अधिकारी तरंगले. पाण्याबरोबर मधल्या मार्गाचे सगळे आकडे फळ्यावरून धुऊन गेले. निरगुडकर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून म्हणत होते, "छान, ही प्रतिक्रिया आपण नोंदवून घेऊ."

घुमरीने माझ्याकडे वळून पाहिलं. "किती होऊ?"

"होतीस तेवढी," मी म्हटलं. "सगळी हो."

ती झाली. काय दिसली म्हणून सांगू! छप्पर उचललं गेलं आणि तिच्यावर ऊन पडलं. पलीकडचा काठ इतका लांब गेला, की त्यावरचा भोईवाडा बोटाएवढा दिसायला लागला. घरं कोरडी ठणठणीत होती. ओट्यांवर माणसं उभी होती, बाया पदर हलवत होत्या, आणि कोणीतरी एवढ्या लांबून ओरडलं, "प्रांतबाई, चहा ठेवलाय!" मी दोन्ही हात वर करून ओरडले, "आले!" आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कधी ओरडले नव्हते.

माझ्या पायाखाली जमीन कोरडी होती. पाणी माझ्या अंगठ्यापर्यंत येत होतं आणि थांबत होतं. तिथून डावीकडे आणि उजवीकडे, नजर पोचेल तिथपर्यंत, निळी रेषा सरळ गेली होती.

नदीच्या मध्यावर एक डोकं वर आलं. टेंभुर्णे साहेब होते. दातांत उघडं पेन धरून ते माझ्या दिशेने पोहत येत होते, आणि त्यांच्या प्रत्येक हातासरशी घुमरी आणखी रुंद होत होती.