अंपायरच्या हातातली टोपी

खेळपट्टीच्या चटईच्या शेवटच्या कोपऱ्यात खिळा ठोकून गिरीश उठला.

इंग्लंडातल्या काउंटी क्लबांत एके काळी साहेब खेळाडू एका फाटकातून मैदानात उतरत, पगारी खेळाडू दुसऱ्यातून.

चहाच्या थर्मासच्या तळाशी वाळू.

पांडू सावंत हातात आलेला झेलसुद्धा सोडायचा.

मागच्या वर्षी दम्मामच्या विमानतळावर एक माणूस क्रिकेटची हिरवी टोपी घालून रडत होता.

घंटा वाजली.

ती घंटा टर्नरसाहेबांची. सौदीतल्या अबकैकच्या कॅम्पात हा क्लब काढताना त्या इंग्रज इंजिनियरने आपल्या काउंटीच्या रीती जशाच्या तशा आणल्या. दोन फाटकं तेवढी तिकडेच ठेवली. इथे इंजिनियर आणि फिटर कुंपणाच्या एकाच भगदाडातून आत येत. पण टोपी आणली. काउंटीची टोपी संघात आल्या आल्या मिळत नाही. माणूस वर्षानुवर्षं तिच्याविना खेळतो. मग एके दिवशी कप्तान, आगाऊ न सांगता, सगळ्यांसमोर ती त्याच्या हातावर ठेवतो. मागायची नाही, विचारायचं नाही. साहेब गेले, रीत राहिली.

पाइप फिटर अली परकार टोपीविना खेळता खेळता दाढीने पांढरा झाला होता.

उन्हाळ्यानंतरचा हा पहिला सामना, समोर हफ्र अल बातिनचा संघ. घंटेचा नाद विरायच्या आत कप्तान सुफियान पुढे आला आणि त्याने पिशवीतून हिरवी टोपी काढली.

"अलीभाय."

एवढंच. अलीने दोन्ही हात पँटला पुसले, मगच टोपी घेतली. आत त्याचं नाव पिवळ्या धाग्याने शिवलेलं. त्याने ती डोक्यावर चढवली. टाळ्या पडल्या. आणि गिरीश वेल्डर ओरडला,

"टोपी मिळाली! आता बॅग भरा, अलीभाई. पांडूसारखी!"

सगळे खो खो हसले. अलीही हसला. सुफियान हसला नाही.

सुफियान कॅम्पच्या ऑफिसात बसायचा. कोणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढणार, कोणाला घरी धाडणार, ते त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. पांडूचं कळलं तेव्हा त्याला राहवलं नव्हतं. झेल सोडणाऱ्या त्या भल्या माणसाला त्याने जायच्या आठवड्यात टोपी दिली होती.

सुफियानचा न हसणारा चेहरा पाहून अलीचं हसू थिजलं. मग सुफियानचं मनगट धरून त्याने त्याला बाजूला नेलं.

"माझा इकामा?"

"सामना होऊ दे. मग बसून बोलू."

"सुफियान. बायकोने दापोलीत घराचं काम काढलंय. बोल."

सुफियानने बुटाने वाळू सारखी केली.

"रिन्यू नाय करत. काल मालकाची, कफीलची, सही झाली. तुमी नि आणखी सहा जण."

"खलास?"

"खलास."

अलीने टोपी काढली, आतलं नाव पाहिलं.

"म्हणजे ही पांडूची टोपी. नाव तेवढं माझं."

"नाय, अलीभाय. ही तशी नाय. ही..."

"पांडूलाही असंच म्हणाला होतास."

"आता मी काय पण बोललो तरी तुमाला पटायचं नाय," सुफियान पुटपुटला. त्याने चेंडू अलीच्या हातात दिला.

गोलंदाजाने टोपी अंपायरकडे द्यायची असते. अलीने दिली. मग डाव्या हाताने चेंडू असा सोडला की फलंदाज पुढे आला, चेंडू वळला आणि मधली यष्टी गेली. सगळे त्याच्याकडे धावले. अली उभा होता तिथेच उभा राहिला, हात लोंबते सोडून.

षटक संपलं. अंपायरने टोपी पुढे केली.

"भाई, आपकी टोपी."

अलीने ऐकलं. रणरणत्या उन्हात उघड्या डोक्याने तो सीमारेषेकडे चालू लागला. अंपायर टोपी हातात धरून राहिला.

रमजानाच्या आधी हफ्रच्या मैदानावर अलीने क्लबला सामना एकहाती जिंकून दिला होता. त्याच आठवड्यात सुफियानने दम्मामच्या शिंप्याकडे त्याच्या नावाची टोपी शिवायला टाकली. माणसं कमी करायचं कंपनीने ठरवलं ते तीन-चार महिन्यांनी, बकरी ईदनंतर.