धाकटीसाठी गाणं

प्रार्थनाघर झाडायला बायका चालत, गायला मात्र नाही. बाईच्या आवाजाने पुरुषांचं मन देवावरून ढळतं, असं धर्मगुरू सांगे आणि शिंपिणीचा भाऊ त्याच्या शब्दाबाहेर नव्हता.

"माझ्या वेळी तूच गा, ताई," असं धाकटी बहीण मरताना सांगून गेली होती. म्हणून तिचं प्रेत प्रार्थनाघरात ठेवल्यावर शिंपिणीने सूर लावला.

"तोंड बंद कर!" भाऊ ओरडला. ती थांबेना. त्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं आणि दोन्ही हातांनी तिचा गळा आवळला. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. बहिणीचं शेवटचं वस्त्र बेतलेली कात्री कमरेला होती. ती तिने त्याच्या दंडात खुपसली. रक्ताची चिळकांडी धर्मगुरूच्या अंगरख्यावर उडाली.

"धरा तिला!" धर्मगुरू किंचाळला.

म्हातारी आई काठी टेकत आडवी आली. "आधी गाणं पुरं होऊ दे. देवाला ऐकवत नसेल, तर तो घेईल कान झाकून."

शिंपिणीने फाटक्या आवाजात गाणं पुरं केलं, मग तुरुंगही भोगला. गळा कायमचा घोगरा झाला. आता कुणाची लेक-बहीण गेली की बायका तिलाच बोलावणं धाडतात.