तिरक्या फळीची करामत

खिडक्यांना जाड पडदे लावलेले, धुराने डोळे चुरचुरत होते. खोली बायकांनी गच्च भरली होती. मधोमध एक नुकतीच बाळंत झालेली बाई उकिडवी बसली होती आणि बाधा उतरवून देणाऱ्या आईसाहेब तिच्या कानाशी ओरडत होत्या, "श्वास कोंड! लाव जोर! बाधा खाली उतरतेय, कळतंय ना?"

"उतरतेय, आईसाहेब," ती कळवळली.

मग तिला तिरक्या फळीवर निजवलं. पाय वर, डोकं खाली. मंत्र झाला, पोटावरून काळा रुमाल फिरला. थोड्या वेळाने बाईने डोळे उघडले. "गेलं! सगळं ओझं गेलं!"

बायका फळीच्या पाया पडू लागल्या. मागे बसलेल्या फिजिओथेरपिस्ट बाई, म्हणजे फिजिओबाई, मात्र ती फळी निरखत होत्या.

बाळंतपणात सैल पडलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करून देणं, हेच त्यांचं काम. "चारचौघांत सांगता येत नाही, असलं कसलं शिक्षण?" म्हणून नातेवाइकांनी त्यांची भरपूर चेष्टा केली होती. हे दुखणंही कुणाला चारचौघांत सांगता येत नव्हतं. म्हणून तर खोली भरली होती. त्यांच्या भावाची बायकोही गुपचूप इथेच यायची; आज तिच्यामागोमाग त्याही आल्या होत्या. आता तिला लघवीही धड होत नव्हती. आणि आईसाहेबांनी तिलाच पुढे बोलावलं.

"वहिनी, जोर लावू नकोस!" फिजिओबाई उठल्या.

आईसाहेब मंद हसल्या. "अविश्वासाचा वास मघापासून येत होता. आता हिचं काही बरंवाईट झालं, तर कुणाच्या माथी?"

सगळ्या माना वळल्या. मागे कुणीतरी दाराला कडी घातली.

फिजिओबाईंनी भिंतीकडचं बाकडं ओढलं, एका टोकाखाली स्टूल सरकवलं आणि पाय उंच बाजूला ठेवून वहिनीला तसंच निजवलं. "मंत्र नाही, रुमाल नाही. आईसाहेब, तुम्ही तिकडेच थांबा."

बऱ्याच वेळाने वहिनी पुटपुटली, "ताई, हलकं वाटतंय हो."

फिजिओबाई सगळ्यांकडे वळल्या. "वाटणारच. स्नायू सैल झाले की गर्भाशय खाली सरकतं. उताणं, पाय वर करून झोपलं की आपल्याच वजनाने पुन्हा वर जातं. उभं राहिलं की परत खाली. आणि श्वास कोंडून जोर लावला की आणखी खाली. इथे तुम्हाला जी उतरताना कळते ती बाधा नाही, तुमचीच गर्भपिशवी आहे. आजार या आईसाहेब वाढवतात, आणि फळी घटकाभर आराम देते."

"खोटं!" आईसाहेब किंचाळल्या. "विचारू नका, विश्वास ठेवा!"

पण एका म्हातारीने कडी काढली. वहिनीला घेऊन फिजिओबाई बाहेर पडल्या, मागून मोजक्याच बायका आल्या. बाकीच्या तिथेच बसून राहिल्या.

वहिनीला डॉक्टरांनी गर्भाशय खाली सरकू न देणारी आधाराची रिंग बसवली, व्यायाम सुरू झाला. ती सावरत होती.

आणि एका दुपारी फळीवर "ओझं गेलं" म्हणणारी तीच पहिली बाई भिंतीचा आधार घेत फिजिओबाईंच्या दवाखान्यात आली. चेहरा पांढराफटक.

"बाई, आता झोपूनही पिशवी वर जात नाही."

फिजिओबाईंनी तिला धरलं. "चला, डॉक्टरांकडे. ऑपरेशन लागेल कदाचित, पण उपाय आहे. चूक तुमची नाही. फक्त यापुढे कुणी 'विचारू नका' म्हणालं, की तिथून आधी उठायचं. आणि शेजारणीलाही उठवायचं."