सुपलीतली आई

माऊच्या घरात चिमटेकिडे निघाले, आणि मुहूर्तही असा गाठला की विचारू नका. लेक तान्ह्या नातीला घेऊन माहेरी आलेली, तिची रजा संपत आलेली, सोमवारपासून नातीला सांभाळणार कोण हा विषय ओठांवर येऊन रोज परत जायचा, आणि नेमका तेव्हाच न्हाणीतल्या बादलीखालून हा पाहुणा बाहेर पडला. तपकिरी, लांबुडका, चकचकीत, आणि शेपटीला चक्क चिमटा.

लेक ओरडली वगैरे नाही. ती शांतपणे म्हणाली की हा किडा कानात शिरतो म्हणतात, एवढ्याशा बाळाला अशा घरात कसं ठेवायचं. तिच्या ऑफिसच्या शेजारी एक पाळणाघर आहे, तिथं तिनं बोलून ठेवलंय.

आता ही गोष्ट सांगायची तरी कुणाला! अहो, माऊ स्वतः पाळणाघर चालवायची. याच घरात, याच पुढच्या खोलीत. अर्धी गल्ली तिच्या मांडीवर मोठी झालेली. ‘मावशी’ म्हणता येत नव्हतं अशा कुठल्याशा पोरानं तिची माऊ केली, ती सगळ्यांनीच उचलली. नवरा, दूधवाला, डॉक्टर, सगळेच हाक मारताना माऊच म्हणायचे. स्वतःची लेकसुद्धा माऊच म्हणायची, आणि याचं तिला कौतुक वाटायचं.

कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रत्येक पोराची वेगळी खुंटी, खुंटीवर चित्र: कुणाचं बदक, कुणाची छत्री, कुणाची बस. बाटल्यांच्या गळ्याला वेगवेगळ्या रंगांचे दोरे. एकाचं दूध दुसऱ्याला गेलं, एकाचं टोपडं दुसऱ्याच्या डोक्यावर चढलं, असं तिच्या हयातीत कधी झालं नाही. आयांना ती छातीवर हात ठेवून सांगायची की जशी माझी, तशीच तुमची, उन्नीस-बीस नाही. आणि अशा बाईची नात परक्या पाळणाघरात जाणार? गल्ली काय म्हणेल हे राहू द्या. माऊच्याच घशाखाली घास उतरेना.

पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हे. किडा आहे म्हणून नात जाणार असेल, तर किडा जाईल. कंबर कसली तिनं. नळवाल्याला बोलावून न्हाणीतला गळका नळ दुरुस्त करून घेतला, कारण या किड्याला कानात शिरायची काही हौस नसते. त्याला हवी ओल आणि अंधार. दाराखालची फट पट्टी ठोकून बुजवली. ओल्या वर्तमानपत्राच्या सुरळ्या करून रात्री मोरीशी ठेवायच्या, सकाळी साबणाच्या पाण्यात झटकायच्या, की आत लपलेले टपाटप बादलीत. नवरा म्हणाला, वर्तमानपत्राचा इतका उपयोग या घरात पहिल्यांदाच होतोय. तिनं त्याला त्याच बादलीजवळ उभं केलं आणि झटकायला लावलं.

घरातले आटोक्यात आले. मग रविवारी तिनं मागचं अंगण काढलं. तिथं भिंतीला चिकटून कुंड्यांची रांग, आणि कुंडीखाली कायमची ओल. दोन मोठ्या कुंड्या तिनं एका दमात सरकवल्या. खालच्या मातीत दोन्हीकडे छोटे छोटे खळगे, खळग्यांत पांढुरकी अंडी, मोहरीहून बारीक, आणि प्रत्येक ढिगावर एकेक चिमटेकिडा पसरलेला. माऊनं पायातली चप्पल काढली आणि एकाला जागच्या जागी संपवलं. मग खुरप्यानं दोन्ही खळगे खरवडून माती, अंडी, एक फुटकी खापरी, सगळं केराच्या सुपलीत ओढलं आणि सुपली घेऊन बादलीकडे वळली.

बादलीवर सुपली तिरकी करणार, तोच तिला दिसलं की दुसरा चिमटेकिडा सुपलीतच आहे. पळालेला नाही. कडेवरून उडी टाकायला त्याला कुणी धरलं नव्हतं. अंगण मोकळं होतं, भिंतीत शंभर फटी होत्या. पण तो मातीच्या ढेकळावर चढला, चिमटा वर उचलला, आणि माऊच्या अंगठ्यासमोर उभा राहिला. अंगठा त्याच्या चौपट. माऊला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिनं सुपली हळूच जमिनीवर टेकवली आणि स्वतःही तिथंच बसली.

मग जे झालं ते तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. चिमटा खाली आला. किडा, किडा कसला, बाईच ती, विखुरलेल्या अंड्यांपैकी एकाशी गेली, तोंडात अलगद धरलं, आणि माती तुडवत खापरीच्या आडोशाला नेऊन ठेवलं. परत आली. दुसरं उचललं. मातीत पडलेलं असेल तर आधी फिरवून फिरवून चाटायची, चकचकीत करायची, मग उचलायची. एक अंडं ढेकळाखाली अडकलं होतं. तिनं डोकं घालून ढेकूळ ढकललं, नाही हललं, तर पलीकडून गेली, तिकडूनही नाही, तर मातीच उकरायला लागली. माऊनं श्वास रोखून धरला होता. एवढीशी चीज, तिला मेंदू तो केवढा असणार, आणि हे तिला शिकवलं कुणी? माऊच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं लेकीला हाक मारली.

लेक बाळाला खांद्यावर घेऊन आली आणि आधी चार हात लांबच उभी राहिली. माऊनं तिला कुजबुजत सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिच्याच लक्षात आलं की आपण घोटाळा करून बसलोय. दोन घरट्यांची अंडी एकत्र केली! एका आईला तर चपलेनं मारलं. बाटल्यांना दोरे बांधणारी बाई ती, तिच्या हातून हे व्हावं? ती खरोखरीच कासावीस झाली. बोटानं इकडची तिकडची वेगळी करता येतील का बघायला लागली, तर सगळी एकसारखी. लेक म्हणाली, आता किड्यांनाही खुंट्या लाव. पण म्हणताना तीही खाली बसली होती.

दोघी बघत राहिल्या. सुपलीच्या त्या टोकाला, मेलेलीचा खळगा जिथं ओढला होता तिथं, जी अंडी पडली होती ती तर बहुतेक मेलेलीचीच. चिमटेबाई तिकडेही गेली. हुंगल्यासारखं केलं. माऊनं देवाचं नाव घेतलं. बाईनं तिथलं एक अंडंही चाटून स्वच्छ केलं आणि आपल्या ढिगात आणून ठेवलं. मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या पुढचं. एकही मागं सोडलं नाही. शेवटी सगळ्या ढिगावर अंग पसरून ती निवांत पडली. खांद्यावरची नात झोपली होती. दोघींना देवळात गेल्यावर होतं तसं झालं होतं.

माऊचे डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांत तिला जे आयांना समजावून सांगता आलं नाही, ते या किड्यानं तिच्या अंगणात करून दाखवलं होतं.

"आपपर भाव नाही गं तिला," ती म्हणाली. "सगळी पोटाशी घेतली. हेच तर मी करत आले."

लेक सुपलीकडेच बघत होती.

"तिला नसेल," ती म्हणाली. "पण तिच्या स्वतःच्या अंड्याला कसं कळायचं, की ही माझी आई आहे?"

माऊला आधी वाटलं चेष्टा आहे. मग तिनं लेकीचं तोंड पाहिलं.

"संध्याकाळी मी दाराशी उभी राहायचे, आठवतं तुला?" लेक म्हणाली. "दप्तर अडकवून. एकेकाची आई यायची, तू आतून ओरडायचीस, बदकाची आई आली, छत्रीची आई आली. पोरं धावत सुटायची. त्या उचलून घ्यायच्या. सगळी जायची, आणि मी तिथंच. माझी आई येणार कुठून? ती तर आतच होती."

माऊला आठवत होतं. दाराशी उभी असलेली लेक तिला रोज दिसायची. पोरीला दारात उभं राहायला आवडतं, असं ती लोकांना कौतुकानं सांगायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा काय असणार? लेकीलाही बोलून गेल्याचं वाईट वाटलं असावं, कारण ती म्हणाली की किड्याचं निमित्त होतं, तू मनाला लावून घेऊ नकोस, आणि बाळाला घेऊन आत गेली.

माऊनं सुपली उचलली, बादलीकडे नाही, अंगणाच्या पार टोकाला, झाडाच्या बुंध्याशी. तिथं खळगा केला, खापरीसकट सगळं, संसार हलवावा तसं, आत सरकवलं. चिमटेबाईनं पुन्हा एकदा चिमटा उचलून दाखवला. माऊ तिला म्हणाली, बाई, तू शहाणी आहेस, पण तुझं माझं दोघींचं एक राहून गेलं.

मग तिनं हात धुतले, केस नीट केले, पर्स खांद्याला अडकवली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. पूर्ण गल्लीला वळसा घालून पुढच्या दारी आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हसायचं तर लोकांनी खुशाल हसावं. वाटेत शेजारीण म्हणाली, कुठं निघालीस गं? माऊ म्हणाली, मुलीला आणायला. आणि स्वतःच्या घराची बेल वाजवली.

लेकीनं दार उघडलं. कडेवर बाळ. तिला काही कळेना.

"माझी मुलगी आहे का आत?" माऊनं विचारलं. "न्यायला आलेय."

लेक हसली. हसता हसता तिचे ओठ वाकडे झाले, लहानपणी व्हायचे तसेच. उंबरठ्याच्या आत ती उभी, बाहेर आई, दोघींना कुणी शिकवलेलं नव्हतं पुढं काय करायचं ते.

"किती उशीर केलास, आई," ती म्हणाली.

बाळाला तिनं माऊच्या हातात दिलं, खाली बसून चप्पल घातली आणि बाहेर आली. दोघी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. नात माऊच्या खांद्यावर जागी झाली होती आणि तिचे केस ओढत होती. कोपऱ्यावर लेक म्हणाली की उद्या सोमवारी हिला तुझ्याकडेच सोडून जाईन, पण एक कबूल कर. संध्याकाळी मी आले की आतून मोठ्यानं ओरडायचं, हिची आई आली म्हणून.

माऊनं मान हलवली. मग तिनं लेकीचा हात धरला आणि रस्ता ओलांडला.